भोकरच्या पलीकडची गोगलगाय

नांदेडला मी तीन वर्षं पिठात राहिलो. मामांची पिठाची गिरणी होती, गिरणीवर घर होतं आणि घराच्या एका टोकाला, दळणाच्या चक्कीच्या बरोबर डोक्यावर, माझी खोली होती. माझी म्हणायची एवढंच. खरी ती माझ्या मामेभावाची, राजूदादाची. तो औरंगाबादला मेडिकलला होता आणि सुट्टीत आला की मी माझी वळकटी उचलून जिन्यात झोपायला जायचो. भिंतीवर त्याचा हार घातलेला सत्काराचा फोटो होता, त्यामुळे सकाळी डोळा उघडला की पहिलं दर्शन त्याचंच व्हायचं. डॉक्टर मलाही व्हायचं होतं, म्हणजे आमच्या अप्पांना, वडिलांना, मला करायचं होतं. त्यासाठी त्यांनी मला मुखेडहून उचलून लातूरला ठेवलं, दोन वर्षं मेसचं पाणचट वरण खाऊ घातलं, आणि मी बारावीला असे मार्क आणले की निकालाच्या दिवशी अप्पा दुकान उघडायला गेलेच नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आठवडाभरानं एवढंच म्हणाले की मामाकडं जा, बीएस्सी कर. तेव्हापासून आमच्यातलं बोलणं पत्रापुरतं उरलं, आणि पत्रात पाऊसपाण्याखेरीज काही नसायचं.

गिरणी सकाळी सातला सुरू व्हायची. पट्टा फटफटायला लागला की खोलीतली फरशी, पाण्याचा तांब्या, कंपासपेटी, सगळं बारीक थरथरायला लागायचं. पुस्तकाच्या पानांवर, उशीवर, भुवयांवर पिठाचा थर. घरातली माणसं एकमेकांशी ओरडून बोलायची, कारण साध्या आवाजात बोललेलं कुणाला ऐकूच यायचं नाही. मी मुळातच हळू बोलणारा. दोन-चार वेळा माझं बोलणं हवेत विरून गेल्यावर मी बोलायचं सोडून दिलं आणि घरात गुणी म्हणून गणला जाऊ लागलो. मामी वाईट नव्हत्या. ताटात गरम भाकरी पडायची, शेंगदाण्याची चटणी असायची, घट्ट वरण, आणि आठवड्यातून एकदा ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या. फक्त वाढताना त्या राजूदादाविषयी बोलत, त्याला कण्या किती आवडतात, मेसमध्ये त्याला काय मिळत असेल, तो कसा वाळला असेल. जेवायचो मी, पण त्या वाढायच्या त्याला. चांगली माणसंसुद्धा तुम्हाला एकटं पाडू शकतात आणि त्यांच्यावर रागावताही येत नाही, हे मी त्या स्वयंपाकघरात शिकलो.

संध्याकाळी तासभर मी गिरणीत खाली बसायचो. मामांची शिस्त कडक होती. डबे आले की धान्य बघून त्यांच्या रांगा लावायच्या, ज्वारी एकीकडे, गहू एकीकडे, हरभऱ्याची डाळ सगळ्यात शेवटी, म्हणजे एकाचं पीठ दुसऱ्यात जात नाही. बायका डब्यात चिठ्ठी टाकत, नाव आणि गल्ली, बारीक की जाड. मामा ती एकदाच वाचायचे, डोक्यात ठेवायचे आणि पायाखाली टाकायचे. आधी दाणा बघावा, मालक मागनं बघावा, असं ते सांगत. दिवस मावळेपर्यंत जमिनीवर चिठ्ठ्यांचा खच पडायचा आणि मी तो झाडून कचऱ्यात टाकायचो. ही सवय माझ्या हातात इतकी मुरली की पुढं तिनंच माझा घात केला. नुसता माझा असता तर हे प्रकरण लिहायची गरज नव्हती.

कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून एक अरुंद खोली होती. तिला संग्रहालय म्हणत. बरण्यांमध्ये पांढरे पडलेले साप, एक वटवाघूळ, दोन तोंडांचं करडू, आणि या सगळ्यांची राखण करायला बिरादार मॅडम. त्या मूळच्या उदगीरच्या. लग्न केलेलं नव्हतं, पन्नाशीला आल्या होत्या, आणि त्यांच्या मागून आलेले लोक प्राध्यापक झाले तरी त्या आपल्या डेमॉन्स्ट्रेटरच राहिल्या होत्या. रविवारी त्या पिशवी घेऊन एस.टी.त बसायच्या, कुठल्यातरी गावाच्या फाट्यावर उतरायच्या आणि दिवसभर ओढ्याकाठचे दगड उलटे करून त्यांच्याखालचे गोगलगायींचे रिकामे शंख वेचायच्या. गावकरी विचारत, बाई, काय हरवलं का? कुणाला त्या औषधी मुळ्या खणताहेत असं वाटायचं, कुणाला गुप्तधन. कॉलेजात तर त्यांना सर्रास गोगलगाय बाई म्हणायचे, शिपाईसुद्धा. शंख त्या काड्यापेट्यांत ठेवत. प्रत्येक काड्यापेटीत एक चिठ्ठी, बहुतेक वेळा त्या दिवसाच्या एस.टी.च्या तिकिटाच्या पाठीमागं लिहिलेली, कधी लग्नपत्रिकेची कापलेली कड. गाव, दिशा, तारीख, दगडाखाली की पाचोळ्यात. वीस वर्षांच्या काड्यापेट्यांनी तीन कपाटं भरली होती. जिल्ह्यातल्या गोगलगायींची एक यादी करून छापायची, एवढं एकच काम त्यांना जन्मात करायचं होतं. तशी यादी तोवर कुणी केलेली नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणी मागितलेलीही नव्हती.

मी त्या खोलीत शिरलो तो ज्ञानाच्या ओढीनं वगैरे नाही. मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये एकट्यानं बसायची लाज वाटायची म्हणून. मॅडमनी काही विचारलं नाही. एक जुना दातांचा ब्रश आणि वाटीभर शंख पुढं ठेवले आणि माती काढायला सांगितली. महिनाभरात मी रोज जायला लागलो. त्यांनी मला बारावीचे मार्क कधीच विचारले नाहीत. त्यांचा आवाजही माझ्यासारखाच हळू होता, आणि त्या खोलीत पट्टा फटफटत नव्हता. नांदेडला आल्यापासून माझं एक वाक्य पहिल्यांदाच शेवटपर्यंत कुणीतरी ऐकून घेतलं ते तिथं. वर्गात पुस्तकी बोलणाऱ्या मॅडम शंख हातात आला की उदगीरच्या बोलीत शिरायच्या. कुठला शंख कुठल्या जातीचा हे ओळखायला त्यांनी मला दीड वर्षात शिकवलं, आणि मला वाटायला लागलं की आपल्याला सगळं समजलं.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत त्या पुतणीच्या लग्नासाठी लातूरला भावाकडे गेल्या. जाताना किल्ली माझ्याकडे दिली आणि कपाटांत झुरळं झालीत का तेवढं बघ म्हणाल्या. राजूदादा घरी आला होता, मी जिन्यात होतो, त्यामुळे मी दिवसभर संग्रहालयातच पडून असायचो. झुरळं झाली होतीच. काड्यापेट्या कुरतडल्या होत्या, चिठ्ठ्यांना तेलाचे डाग होते. शेजारच्या खोलीत काचेच्या नव्या नळ्या खोक्यांत तशाच पडल्या होत्या. मला वाटलं, मॅडम परत येतील तेव्हा त्यांना थक्क करून सोडावं. मी सगळ्या काड्यापेट्या टेबलावर ओतल्या आणि गिरणीत करतो तेच केलं. दाण्याला दाणा लावला. सारखे शंख सारख्यांत घातले, प्रत्येक नळीवर वळणदार अक्षरात जातीचं शास्त्रीय नाव डकवलं आणि कपाटात रांगा लावल्या. आठ दिवस लागले. टोपलीभर चिठ्ठ्या निघाल्या. काम झालेल्या चिठ्ठ्यांचं काय करायचं हे मला गिरणीतून ठाऊकच होतं. शिपायानं त्या अंगणातल्या पाचोळ्यात टाकून पेटवल्या, आणि मी शेजारी उभा राहून, हात मागं बांधून, कौतुकानं बघितलं.

आज माझे विद्यार्थी मला चिठ्ठीवाला म्हातारा म्हणतात. जंगलातून आणलेल्या जीवाच्या चिठ्ठीवर ठिकाण नसेल तर मी तो जीव टेबलावर ठेवू देत नाही. चाळीस वर्षं मी घाटातल्या पावसाच्या जंगलात गोगलगायी बघत फिरलो आणि त्यातून मला जे काही कळलं त्याचा गाभा एवढाच आहे, की तो सरपटणारा जीव एका आयुष्यात अंगणाएवढीही जमीन ओलांडत नाही. त्यामुळे डोंगराच्या या उतारावरची आणि त्या उतारावरची गोगलगाय हजारो पिढ्यांत एकमेकींपासून वेगळ्या होत जातात, आणि नवी जात तयार होते ती अशीच, आपापल्या जागी एकटं राहून राहून. ठिकाण काढून घेतलं तर हातात राहतो तो चुन्याचा तुकडा. मी त्या दिवाळीत वीस वर्षांच्या रविवारांचा चुना करून ठेवला होता.

मॅडम आल्या, त्यांनी कपाट उघडलं, आणि मी कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी एक नळी काढली, आत बघितलं, उलटी केली. दुसरी काढली.

"चिठ्ठ्या कुठंयत, शिवा?"

मी सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या. हातातली नळी जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, "तू जा आता घरी." मी गेलो. नेमकी चूक काय झाली हे मला तोवरही धड कळलं नव्हतं, फक्त आपण काहीतरी मारून टाकलं आहे एवढं समजत होतं. पुढचे नऊ दिवस मी संग्रहालयाच्या दारावरून जायचो आणि आत जायचा धीर व्हायचा नाही. ते नऊ दिवस मी कुणाशीही बोललो नाही. बोलायला दुसरं कुणी नव्हतंच, हे मला तेव्हा पहिल्यांदा लख्ख दिसलं. मामींनी कण्या केल्या त्या दिवशी मी ताटावरून उठलो, तर त्या म्हणाल्या, राजूला सांगायला पाहिजे, त्याच्या वाटच्या उरल्या.

दहाव्या दिवशी शिपायानं निरोप आणला की मॅडम बोलावतात. त्यांनी टेबलावर सगळ्या नळ्या मांडल्या होत्या आणि एक कोरी वही उघडली होती. म्हणाल्या, चिठ्ठ्या तू जाळल्यास, पण जाळायच्या आधी वाचल्या असशील, तर आता बसून आठवू या. मग हिवाळाभर आम्ही तेच केलं. शंखाच्या तोंडात अडकलेला मातीचा कण त्या भिंगाखाली बघायच्या आणि सांगायच्या, ही काळी माती, देगलूरकडची असेल, ही मुरमाड, कंधारची. मला चिठ्ठ्यांचे कागद आठवायचे. हा मोठा शंख गुलाबी लग्नपत्रिकेच्या तुकड्यासोबत होता आणि त्यावर मुखेड लिहिलं होतं, हे मी डोळे मिटून सांगायचो, कारण आपल्या गावाचं नाव कुणीही विसरत नाही. दुपारी त्या डबा उघडायच्या आणि अर्धी भाकरी न विचारता माझ्यापुढं ठेवायच्या. माझ्या वाटची म्हणून मोजून आणलेली ती भाकरी होती. एवढ्या मोठ्या अपराधानंतरचे ते दिवस माझ्या तरुणपणातले सगळ्यात सुखाचे असावेत, याची मला आजही शरम वाटते.

पण न आठवणाऱ्या नळ्याही होत्या. त्या एका पत्र्याच्या ट्रेमध्ये जात. खात्री नसेल ते लिहायचं नाही, कोरं ठेवायचं, असा मॅडमचा नेम. ट्रे भरत चालला आणि त्यांचा चेहरा उतरत चालला. एके दिवशी नखाएवढा, पातळ, तपकिरी, उजेडात धरला तर आरपार दिसणारा एक शंख निघाला. एकच होता तो. जातीचं नाव त्यांनाही पुस्तकातल्या चित्रावरून लावावं लागलं. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, हा माझ्याकडचा सगळ्यात देखणा, आणि याचंच आठवू नये. त्या आधी मी दोन-तीन ठिकाणं अंदाजानं सांगितली होती, पण ते अंदाज तरी होते. या वेळी मी शुद्ध थाप मारली. एस.टी. स्टँडवर रोज दिसणाऱ्या पाटीवरचं नाव तोंडात आलं.

"हिमायतनगर," मी म्हणालो. "तळ्याच्या खालच्या अंगाला, दगडाखाली. तिकिटावर लिहिलेलं होतं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग वहीत लिहिलं, हिमायतनगर. मला वाटलं, आपण आज त्यांचं काहीतरी परत दिलं.

यादी उन्हाळ्यात पक्की झाली. मी वाचून दाखवत होतो आणि त्या स्वच्छ अक्षरात उतरवत होत्या. एका लहानशा नियतकालिकात ती त्यांच्या नावानं छापून आली. अंकाच्या दोन प्रती आल्या, त्यातली एक त्यांनी मला दिली. मी बीएस्सी झालो, मग एमएस्सी, आणि मॅडमच्याच शिफारशीमुळे दक्षिणेतल्या एका संस्थेत घाटातल्या गोगलगायींवर संशोधन करायला लागलो. मॅडम निवृत्त होऊन लातूरला भावाकडे राहायला गेल्या. जंगलात मला करमलं, कारण एकटं राहायची कला माझ्याकडे आयतीच होती. पहिल्या वर्षी मी माझ्या गाईडना मॅडमची यादी अभिमानानं दाखवली. त्यांनी पानं चाळली, एका ओळीवर थांबले आणि हसले. ही जात हिमायतनगरला? या बाईंना गोगलगाय कशाशी खातात ते माहीत नाही, म्हणाले, आणि अंक बाजूला टाकला. त्यानंतर त्यांनी, आणि त्यांचं ऐकणाऱ्या सगळ्यांनी, त्या यादीतला एकही शब्द कधी खरा धरला नाही. मी गप्प बसलो. मला वाटलं, कदाचित गाईडच चुकत असतील. तिसऱ्या पावसाळ्यात घाटात, गुडघाभर पाचोळ्यात, जळवा काढत बसलो असताना ओल्या बुंध्यावरून तोच पातळ तपकिरी शंख सरकत जाताना मला दिसला. वर्षातले चार महिने पाणी गळत असतं तिथं तो राहतो. हिमायतनगरच्या उन्हात तो एक उन्हाळाही काढणार नाही. 

डिसेंबरात मी लातूरला गेलो. नेमकी येळवस होती, वेळ अमावस्या, हे मी बाहेर राहून विसरलो होतो. त्या दिवशी लातुरात माणूस सापडत नाही. दुकानं बंद, रिक्षा नाही, सगळं गाव पूजेला आणि जेवायला शेतावर. स्टँडपासून मी चालत गेलो तर गल्ल्यांमध्ये फक्त माझ्याच चपलांचा आवाज. मॅडमच्या भावाचं घरही रिकामं होतं. त्यांचे गुडघे धरले होते म्हणून त्या एकट्याच मागं राहिल्या होत्या. मला बघून त्यांना झालेला आनंद मला सहन होईना. त्यांनी मला बसवलं, घरच्यांनी त्यांच्यासाठी झाकून ठेवलेली भज्जी, म्हणजे तुरी-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची आमची येळवशीची भाजी, आणि बाजरीचे उंडे ताटात काढले, पेल्यात आंबील ओतली. मी काही खाण्याआधी बोलून टाकलं. हिमायतनगर मी मनानं सांगितलं होतं, तसं काहीही तिकिटावर नव्हतं, आणि त्या एका ओळीमुळे तुमच्या यादीला कुणी विचारत नाही.

"म्हाइत हाय," त्या म्हणाल्या. "मी हिमायतनगरला आजपतोर गेलेच न्हाई. भोकरच्या पुढं गेलं की सांजच्याला परतीची गाडी गावत नव्हती. एकटी बाई कुठं राहणार."

"मग लिहिलंत कशाला?"

"न्हाई लिहिलं असतं तर तुला कळलं असतं, मला कळलंय म्हणून. मग दुसऱ्या दिवशी तू आला असतास का?" त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. "यादी पक्की करताना काढून टाकीन म्हणलं होतं. पण तू समोर बसून वाचून दाखवत होतास, एवढा खुशीत. वीस वर्षांत त्या खोलीत माझ्याकडं दुसरं कोण आलं होतं, शिवा?"

मी इतकी वर्षं समजत होतो की त्या खोलीत एकटा मीच होतो. तो शंख बहुधा कॉलेजच्या आंबोली घाटातल्या सहलीत कुणीतरी खिशातून आणून त्यांच्या हातावर ठेवला असावा, असं त्यांना निवृत्त झाल्यावर कधीतरी आठवलं होतं. दुरुस्ती पाठवायला हवी, मी लगेच पाठवतो, खरं काय झालं ते सगळं लिहितो, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

"दुरुस्ती पाठवू. पण तुझं नाव नको. तुझं आत्ताशी कुठं सुरू झालंय. यादीवर माझं नाव हाय, माझीच चूक म्हणून लिहू."

मी नाही म्हणालो. एकदा म्हणालो. गाईड हसल्याचं डोळ्यासमोर आलं, प्रबंध अजून व्हायचा होता, नोकरी लांबच, आणि मुखेडला अप्पांनी पत्रात पहिल्यांदाच पावसाखेरीज काहीतरी, म्हणजे तुझं बरं चाललंय हे ऐकून बरं वाटलं, असं लिहिलं होतं. दुसऱ्यांदा मी नाही म्हणालो नाही. पुढं ती दुरुस्ती छापून आली तेव्हा गाईड म्हणाले, बघ, मी सांगत होतो, आणि मी मान डोलावली. मॅडम गेल्या त्यालाही आता खूप वर्षं झाली. शंखांवर लिहिलेल्या माझ्या कागदांना लोक आधार म्हणून धरतात, आणि त्यांचं नाव आलंच तर बेभरवशाची संग्राहक म्हणून येतं. त्यांनी ठिकाणाबाबत हयातीत एकही चूक केली नव्हती, एका ओळीखेरीज, आणि ती ओळ माझी होती.

त्या दुपारी त्यांनी भावाच्या वहीतलं एक पान फाडलं आणि आपल्या हातानं तीन ओळी लिहिल्या, की सदर नोंद संग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे चुकीची झाली आहे, ती रद्द समजावी. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तिसऱ्या ओळीवर त्यांच्या पेनातली शाई संपली. सही राहिली होती. त्यांनी माझ्या खिशाकडे बघून हात पुढं केला. मी माझं पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्यांच्या हातात दिलं.